ढगाखालची जमीन

संगणकाच्या जगात 'क्लाउड' हा शब्द रुळून आता वीस वर्षे होत आली. आपला हिशेब, आपले फोटो, बँकेचे व्यवहार, सातबाराचा उतारा, शाळेचा निकाल हे सारे 'क्लाउडवर' असते असे आपण सहज म्हणतो. हा ढग आला कुठून? टेलिफोन आणि संगणकांच्या जाळ्याच्या आकृत्या काढताना अभियंते एक सोय करत. ज्या भागाचे आतले तपशील पाहणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही, तिथे ते ढगाचा आकार काढून मोकळे होत. आकृतीतला हा ढग म्हणजे आत काय आहे ते न विचारण्याची परवानगी होती. पुढे तोच आकार एका मोठ्या धंद्याचे नाव झाला आणि न विचारण्याची सवयही त्याच्याबरोबर आली.

या लेखात मला ते विचारायचे आहे. मी राहतो ते सालवड हे गाव बोईसरला लागून आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या किती तरी कारखान्यांच्या पत्त्यांत त्याचे नाव असते. पश्चिमेला समुद्रकाठी अणुवीज केंद्र, उत्तरेला डहाणूचे कोळशावरचे औष्णिक केंद्र आणि दोन्हीकडून शहरांकडे निघालेले उच्चदाबाचे मनोरे, असा हा मुलूख. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पर्यावरणाला कमी जाच करणारे सॉफ्टवेअर कसे रचावे, ही चर्चा आमच्या व्यवसायात गेल्या काही वर्षांत सुरू झाली आहे. ती नव्या शोधासारखी मांडली जाते. मला मात्र तिचे दोन जुने धागे महाराष्ट्रातच दिसतात. एक विजेच्या इतिहासाचा आणि दुसरा संगणकाच्या. ते दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय आजचा प्रश्न नीट मांडता येत नाही.

शहराची वीज, बाहेरची जमीन

मुंबईच्या गिरण्यांना टाटांची जलविद्युत खोपोलीहून मिळू लागली ती 1915 साली. पुढे 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रे उभी राहिली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण लागले आणि त्या धरणाखाली मावळातली भातखाचरे गेली. 1921 ते 1924 या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. पण एक गोष्ट तेव्हाच लख्ख दिसली होती. शहरात दिवा लागतो तेव्हा दुसरीकडे कुणाची तरी जमीन जाते, आणि विजेच्या दरात त्या जमिनीची किंमत धरलेली नसते.

आमच्या किनाऱ्यावर हीच गोष्ट वेगळ्या रूपात आली. तारापूरचे अणुवीज केंद्र हे देशातले पहिले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेल्या त्याच्या दोन अणुभट्ट्यांतून 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. प्रत्येकी 210 मेगावॉटची त्यांची मूळ क्षमता पुढे 160 मेगावॉटवर आणली गेली. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना ही वीज गेली. तिसरा आणि चौथा टप्पा भारतीय बनावटीचा, प्रत्येकी 540 मेगावॉटचा. त्यांतला चौथा 2005 मध्ये आणि तिसरा 2006 मध्ये सुरू झाला. या टप्प्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला समुद्रापासून लांब घर बांधून दिले तर त्याला पुनर्वसन म्हणायचे का, हा प्रश्न त्या गावांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी आणि न्यायालयात विचारला.

डहाणूची कथा थोडी निराळी आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या कंपनीने तिथे 500 मेगावॉटचे कोळशाचे केंद्र काढायचे ठरवले, तेव्हा चिकूच्या बागायतदारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत आव्हान दिले. केंद्र अडले नाही. 1995 मध्ये ते सुरू झाले. पण 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने 1999 मध्ये केंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. बरीच ओढाताण होऊन 2007 मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. या प्रकरणाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

दहा हजार बाइट

आता दुसरा धागा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण अभियंत्यांनी देशी बनावटीचा पहिला मोठा संगणक बांधला. 1960 साली तो पूर्ण क्षमतेने चालू झाला. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. त्याची स्मृती 2,048 शब्दांची आणि प्रत्येक शब्द 40 बिटांचा. आजच्या मापात हे सारे मिळून 10,240 बाइट होतात. देवनागरीतले एक चिन्ह साठवायला आज तीन बाइट लागतात. म्हणजे तुम्ही वाचत आहात तो लेख टिफ्रॅकच्या स्मृतीत भरायचा ठरवला, तर त्याचा जेमतेम पाव भाग मावला असता.

एवढ्याशा जागेत शास्त्रज्ञांनी खरीखुरी गणिते सोडवली. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला प्रत्येक आज्ञा तोलून घ्यावी लागे. एक संख्या दोनदा साठवणे ही चैन होती. 1964 मध्ये त्याच संस्थेत सीडीसी 3600 हा अमेरिकी संगणक आला आणि देशभरचे संशोधक छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथे रांग लावू लागले. यंत्राचा वेळ वाटून दिलेला असे. कार्डावर एक चूक झाली तर हातातली पाळी जाई. त्यामुळे प्रोग्रॅम यंत्राकडे जाण्याआधी कागदावर दहादा तपासला जाई.

त्या काळी संगणकाच्या किमतीवर वाद झाला नाही असे नाही. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यावरून कर्मचारी संघटनांनी केलेला विरोध जुन्या पिढीला आठवत असेल. त्यातून केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल 1972 मध्ये आला. संगणकाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हा सवाल या देशात तेव्हा जाहीरपणे विचारला गेला होता. मात्र तो नोकऱ्यांपुरता होता. यंत्र किती वीज खाते, हे त्या वादात कुणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते. सगळ्या देशात मिळून संगणक तेव्हा फार थोडे होते.

काटकसर कुठे गेली

टिफ्रॅकच्या काळातली काटकसर हा सद्गुण नव्हता. ती टंचाई होती. टंचाई सरली तशी काटकसरही सरली, आणि त्यात नवल नाही. चिपवरचे ट्रान्झिस्टर दर दोनेक वर्षांनी दुप्पट होत गेले. जोनाथन कूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवून दिले, की एका युनिट विजेत होणारी आकडेमोड कित्येक दशके साधारण दर दीड वर्षाने दुप्पट होत आली. अशा काळात प्रोग्रॅम सुधारण्यात महिना घालवण्यापेक्षा पुढच्या वर्षीचे यंत्र विकत घेणे स्वस्त पडे. माणसाचा वेळ महाग आणि यंत्राचा स्वस्त, हे आमच्या व्यवसायाचे पहिले सूत्र झाले. मलाही ते तसेच शिकवले गेले.

या सूत्राने किती ढिलाई आली, याचा एक हिशेब एमआयटीच्या चार्ल्स लायझरसन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. प्रत्येकी 4,096 ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या दोन सारण्यांचा गुणाकार त्यांनी घेतला. पायथन भाषेत सरळसोट लिहिलेल्या प्रोग्रॅमला त्यासाठी सुमारे सात तास लागले. तेच काम, त्याच यंत्रावर, यंत्राची रचना ध्यानात घेऊन पुन्हा लिहिले तेव्हा अर्ध्या सेकंदाच्या आत झाले. फरक साठ हजार पटींहून जास्त. सगळीच कामे या गुणाकारासारखी नसतात. पण यंत्राच्या वेगाखाली किती आळस लपू शकतो, हे या एका उदाहरणातून कळते.

दुसरी ढिलाई यंत्रे नुसती चालू ठेवण्यातली. गूगलचे लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी 2007 मध्ये लिहिले, की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या कुवतीच्या 10 ते 50 टक्केच काम करत असतात, आणि काहीच काम नसतानाही पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास वीज घेतात. समजा एखादा सर्व्हर 200 वॉट घेत वर्षभर चालू राहिला. तर त्याची वीज होते 1,752 युनिट. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराच्या जवळजवळ दीडपट. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे सांगतात. म्हणजे त्या एका यंत्राचा वर्षाचा वाटा 1,200 किलोंहून अधिक झाला. जुना प्रकल्प संपला, पण सर्व्हर बंद करायला कुणी सांगितले नाही, असे आमच्या धंद्यात नेहमीच घडते.

मुंबईत उतरलेला ढग

अ‍ॅमेझॉनने 2006 मध्ये आपली संगणक-शक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. भारतात हा धंदा जमिनीवर उतरला तो दशकभरानंतर. मायक्रोसॉफ्टची केंद्रे 2015 मध्ये, अ‍ॅमेझॉनची 2016 मध्ये आणि गूगलची 2017 मध्ये सुरू झाली. मुंबई या तिन्ही नकाशांवर आहे. समुद्राखालच्या केबली इथल्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच साठवण्याचा आदेश काढला, त्यानंतर जागेची मागणी आणखी वाढली. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने होते, तिथे आज खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती दिसतात. आत सर्व्हरच्या रांगा, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा आणि वीज गेली तर लगेच चालू होणारे डिझेल जनित्रांचे ताफे.

तारापूरचे किंवा डहाणूचे अमुक युनिट महाप्याच्या तमुक सर्व्हरमध्ये गेले, असे म्हणता येत नाही. तारांच्या जाळ्यात सगळी वीज एक होते. पण हेही तितकेच खरे, की चोवीस तास, बाराही महिने एकसारखी वीज मागणारे ग्राहक वाढले की तशी वीज देणारी केंद्रे बंद करणे अवघड होते. आणि ही केंद्रे शहराच्या मध्यभागी बांधली जात नाहीत.

मापात काय येते, काय सुटते

हरित सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली ती मोजण्यापासून. पहिले माप इमारतीचे. डेटा सेंटरला लागणाऱ्या एकूण विजेला प्रत्यक्ष संगणकांना लागणाऱ्या विजेने भागायचे. उत्तर 1 च्या जितके जवळ, तितकी थंड करण्यातली उधळपट्टी कमी. 2007 पासून हे माप जगभर वापरात आले आणि त्यामुळे इमारती खरोखरच सुधारल्या. एरिक मासानेट आणि सहकाऱ्यांच्या 2020 मधल्या अभ्यासानुसार 2010 ते 2018 या काळात जगातल्या डेटा सेंटरमधले काम साडेसहा पट झाले, पण वीज वाढली फक्त सहा टक्के. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण या मापाला एक गोष्ट दिसत नाही. आतला सर्व्हर उपयोगाचे काम करतो आहे की नुसताच धगधगतो आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. म्हणून 2021 मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनने सॉफ्टवेअरचेच माप सुचवले. ते 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याची मांडणी सोपी आहे. प्रोग्रॅमला लागलेली वीज घ्या, ती जिथे आणि जेव्हा वापरली तिथल्या कार्बनच्या प्रमाणाने गुणा, यंत्र बनवताना झालेल्या प्रदूषणातला वाटा त्यात मिळवा, आणि बेरजेला कामाच्या एककाने भागा. एक तिकीट, एक बिल, एक शोध यांमागे किती कार्बन, हे त्यातून कळते. कंपनीने दूरच्या सौरप्रकल्पाची प्रमाणपत्रे विकत घेऊन कागदावरचा आकडा शून्य केला, तरी या मापात तो शून्य होत नाही.

असे असले तरी सालवडहून पाहताना या मापातही एक भोक दिसते. अणुविजेतला कार्बन अगदी थोडा. त्यामुळे या सूत्रात तारापूरचे युनिट जवळपास निष्कलंक ठरते. पोफरण आणि अक्करपट्टी त्या समीकरणात कुठेच येत नाहीत. मी अणुविजेच्या विरोधात हे लिहीत नाही. हवामानाच्या दृष्टीने कोळशापेक्षा ती बरी, हे मला मान्य आहे. पण 'स्वच्छ' म्हटलेल्या विजेलाही जमीन, पाणी आणि माणसे लागतात. ती वाया घालवण्याचा परवाना स्वच्छतेच्या दाखल्याबरोबर मिळत नाही. इथे मोजमापाचे महत्त्व लोकांना नवे नाही. 2018 च्या आकडेवारीवरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर 93.69 गुणांनी देशात सर्वांत वर, म्हणजे सर्वांत वाईट होते. मांगेला समाजाच्या परिषदेने त्याआधीच, 2016 मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात धाव घेतली होती. मासळी कमी झाली हे कोळ्यांना निर्देशांकाच्या आधीपासून ठाऊक होते. निर्देशांकाने ते इतरांना कळले.

रचनेची चार सूत्रे

मग सॉफ्टवेअर रचणाऱ्याने करायचे काय? पहिले म्हणजे नको ते काम काढून टाकणे. तीच माहिती पुन्हा पुन्हा मागवू नये, एकदा काढलेले उत्तर जवळ ठेवावे, कुणी वाचत नाही तो अहवाल रोज रात्री तयार करू नये. दुसरे, यंत्र भरून वापरणे. दहा अर्धवट रिकाम्या यंत्रांपेक्षा तीन भरलेली बरी, आणि काम नसेल तेव्हा यंत्र बंद. एसटीच्या आगारप्रमुखाला जे कळते, ते आम्हाला कळायला हरकत नाही.

तिसरे सूत्र वेळेचे. मोठी कामे रात्री चालवावीत हा आमच्याकडचा जुना रिवाज. रात्री यंत्रे मोकळी असत म्हणून तो पडला. आज परिस्थिती उलटली आहे. भारतात सौरवीज दुपारी मुबलक असते आणि सूर्य मावळला की भार पुन्हा कोळशावर जातो. ज्या कामाला घाई नाही, ते दुपारी बाराला उरकले तर त्याच कामाचा कार्बन कमी होतो. गूगलने 2020 पासून घाई नसलेली कामे अशी वेळ पाहून सरकवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या प्रोग्रॅमरला त्यासाठी वेळापत्रकातली एक ओळ बदलावी लागेल. चौथे सूत्र यंत्राच्या आयुष्याचे. नवे सॉफ्टवेअर इतके जड करू नये की लोकांना चांगला चालणारा फोन टाकून द्यावा लागेल. फोनच्या एकूण प्रदूषणातला मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो.

या चारही सूत्रांत टिफ्रॅकवर काम करणाऱ्याला नवे वाटेल असे फारसे काही नाही. फरक इतकाच, की त्याला यंत्र रोखत होते आणि आम्हाला कोणीच रोखत नाही.

डहाणूचा धडा

इथेच एक अडचण उभी राहते. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल लिहिले, की वाफेची इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळाला नाही. तो वापरणे स्वस्त झाले आणि खप वाढला. संगणकाच्या बाबतीत 2010 ते 2018 ही वर्षे या नियमाला अपवाद वाटली. पण कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि चित्र पालटले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी 41,500 कोटी युनिट वीज वापरली. 2030 पर्यंत हा आकडा 94,500 कोटी युनिटच्या आसपास, म्हणजे दुपटीहून पुढे जाईल. प्रोग्रॅमरचे कौशल्य एकट्याने हा ओघ थांबवू शकणार नाही.

म्हणून मला डहाणू महत्त्वाचे वाटते. केंद्रातल्या अभियंत्यांना गंधक काढण्याचे तंत्र ठाऊक नव्हते म्हणून ती यंत्रणा रखडली नव्हती. जगात ते तंत्र जुने होते. ते बसवण्याचा खर्च कंपनीच्या वहीत दिसत होता. न बसवण्याचा खर्च मात्र बागायतदाराच्या आणि वारली पाड्यांच्या वाट्याला जाणार होता, आणि तो कुणाच्याच वहीत नव्हता. तो वहीत आणायला एक तालुका, एक न्यायालय आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे एक प्राधिकरण लागले. मुळशीच्या शेतकऱ्यांना 1921 मध्ये असे काही मिळाले नव्हते. पाऊणशे वर्षांत महाराष्ट्राने एवढी मजल मारली.

डेटा सेंटरच्या बाबतीत आपण अजून मुळशीच्या टप्प्यावर आहोत. कोणती इमारत किती वीज आणि किती पाणी घेते, ती वीज कोणत्या तासाला कुठून येते, हे आकडे केंद्रागणिक जाहीर झाले पाहिजेत, जसे धुराड्याचे आकडे डहाणूत मागितले गेले. ते जाहीर झाले तर प्रोग्रॅमरच्या टेबलावरही त्यांतला त्याचा वाटा ठेवता येईल. आज आमच्या पडद्यावर प्रोग्रॅम किती सेकंदांत संपला आणि किती पैसे लागले, हे दोन आकडे दिसतात. तिसरा आकडा युनिटांचा असावा, ही मागणी काही अवघड नाही. घरच्या वीजबिलावर तो छापलेला असतोच.

सॉफ्टवेअर लिहिणारी पालघर जिल्ह्यातली मुले आता बोईसरहून लोकल पकडून मुंबईकडे जातात, किंवा घरी बसून तेच काम करतात. या जिल्ह्याने आजवर शहराला वीज दिली, आता तो ती वापरणारे हातही देतो आहे. ढग काढून प्रश्न झाकण्याची जुन्या आकृतीतली सोय इतरांना परवडली असेल. या मुलांच्या घराच्या गच्चीवरून मनोरे दिसतात. त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीची तार कुठे जाऊन मिळते, हे विचारण्याचा हक्क आणि जबाबदारी त्यांची आहे, आणि माझीही.